लगेच निघणारी सँडल

यंदाच्या सँडलींबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही. तरीही ते आहे. लेकीचं लग्न ठरल्यापासून इतक्या सँडल पाहिल्या, दुकानात, फोनवर, दुसऱ्यांच्या पायांत, की मत नसतं तरच नवल. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दिवसातले चार-पाच तास फळ्यासमोर उभी असते आणि संध्याकाळी पाय पलंगावर टाकले की ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. आई, तुला फॅशनमधलं काय कळतं, असं लेक म्हणते. मला तर वाटतं, चपलांवर बोलायचा खरा हक्क माझ्यासारख्या बाईलाच आहे. बाकीच्यांनी नुसते फोटो बघावेत.

पारदर्शक पट्ट्यांची सँडल सध्या फार चालते. पायात काही नाहीच असं वाटावं, अशी तिची कल्पना. एसीच्या गाडीतून उतरून एसीच्या दुकानात शिरणाऱ्यांचं ठीक आहे. लातूरच्या एप्रिलमध्ये तिच्या आत लगेच घाम धरतो आणि पाय कॅरीबॅगेत बांधून ठेवलेल्या कोथिंबिरीसारखा दिसायला लागतो. बारीक टाचेची सँडल घालून अहमदपूरच्या स्टँडवर बस पकडून दाखवावी, मग बोलावं. गुडघ्यापर्यंत दोऱ्या गुंडाळायची एक तऱ्हा आहे, तिच्याबद्दल बोलायलाही मला दम लागतो. जाड, फुगलेल्या तळाची सँडल दिसायला बोजड, पण त्यातल्या त्यात माणुसकी असलेली. चौकोनी टाचेचंही तसंच. आणि डिझायनर कोल्हापुरी म्हणून जी मिळते, मणी आणि आरसे लावलेली, मऊ गादीची, तिच्याबद्दल मी गप्प बसते. आमच्याकडे कोल्हापुरी तेल पाजून पाजून मऊ करावी लागायची, आणि तोवर ती पायाची सालं काढायची. आता ती आधीच मऊ करून देतात म्हटल्यावर तक्रार कशाची करायची?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या सँडल ज्या कुणी काढल्या असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई असते. ती सकाळी सँडल घालते आणि रात्री काढते. अशी बाई मला नांदेड-लातुरात अजून भेटलेली नाही. आम्ही दिवसभर सँडल काढत असतो. शेजारणीकडे वाटीभर साखर द्यायला गेलं तरी दारात काढायची. देवळात तर काढायचीच. कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत काढायची, तिथल्या मशीनला म्हणे धूळ चालत नाही. साडीच्या दुकानात गादीवर बसायचं म्हणून काढायची. काही डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीबाहेरही काढायची. त्यामुळे आमच्या बायका दुकानात सँडल घालून आरशात बघतात ते थोडंच, आधी हात न लावता ती पायातून निघते का ते बघतात. घोट्याला कडी असलेली सँडल म्हणजे दर दाराशी वाकायचं, एका हाताने भिंत धरायची, दुसऱ्याने ती बारीक कडी शोधायची, आणि तोवर आत सगळे जेवायला बसलेले.

दुसरं म्हणजे जोडवी. अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीची जोडवी असतात, हे सँडल बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नाही. पुढून बंद असेल तर जोडवं बोटात रुततं. अंगठ्याची असेल तर खुंटी नेमकी त्याच्यावर घासते. आडवा पट्टा नेमका जोडव्यावर येतो आणि दुपारपर्यंत बोट लाल होतं. कॉलेजातल्या तरुण बायका सरळ जोडवी काढून ठेवतात आणि सणाला घालतात. मी मधलीच, काढतही नाही आणि तक्रारही सोडत नाही.

पण हा सगळा शोध माझ्यासाठी नव्हता. तो आईसाठी होता.

आई आणि बाबा नांदेडला असतात. बाबा एसटीत कंडक्टर होते, मूळचे हदगावकडचे. निवृत्तीनंतरही दोघांनी नांदेड सोडलंच नाही. मी एकटीच मुलगी, त्यामुळे रविवार आला की लातूरहून बस धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायचं, आणि संध्याकाळी परत. आईला कित्येक वर्षांची शुगर. गोळ्या चालू, गोड बंद, असं आम्ही समजत होतो. मग तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. नंतर मुंग्या यायच्या थांबल्या, तर तिला वाटलं, बरं झालं.

मी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. हातात एक बारीक नायलॉनचा धागा घेतला आणि म्हणाले, आजी, पायाला टेकलं की हो म्हणायचं. त्यांनी अंगठ्याला टेकवला, तळव्याला टेकवला, टाचेला टेकवला. धागा वाकत होता एवढा ते दाबत होते. आई डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्याने बसलेली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "डॉक्टरसाब, कवा सुरू करता?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पाय आहेत, पण त्यांची खबर वरपर्यंत जात नाही. खडा टोचला, चटका बसला, पट्टा लागला, तिला कळणार नाही. अशा पायाला साधी जखम झाली तर ती चिघळते आणि मग बोट जातं, कधी पाय जातो. अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, घरातही नाही. रोज तळवे कुणीतरी बघायचे. जोडवी काढलीत तर बरं. आणि चप्पल मऊ तळाची, पुढून रुंद, मागून पट्टा असलेली, कारण सुटी चप्पल पायातून निसटली तरी तिला समजणार नाही.

जोडव्यांचं मी आईला सांगितलं. "तुझे बाबा हायत न अजून," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

दवाखान्याशेजारीच तसली चप्पल मिळत होती. काळी, रुंद, दोन पट्ट्यांची, रबराच्या मऊ तळाची. मी ती घेऊन आले. आईने ती घरात घातली, कुरकुर न करता घातली. फक्त देवघरात जाताना काढायची, आणि मी बघितलं की म्हणायची, "देवाला तर कळतायत ना माझे पाय." मग मार्चमध्ये लग्नाचा मुहूर्त पक्का झाला, मे महिन्यातला, दुपारचा. लातूरलाच, मोठ्या लॉनवर. त्या रविवारी आईने ती काळी चप्पल दोन बोटांनी उचलून माझ्यापुढे धरली.

"ही घालून नातीच्या लग्नात येऊ का मी? लोक म्हणतील म्हातारी दवाखान्यातून उठून आली."

"म्हणू दे."

"माझ्या लग्नात माझ्या पायात काहीच नव्हतं. तुझ्या लग्नात रबराची निळी होती, वऱ्हाडातली एक बाई बघून हसली होती. आता मला सोनेरी पाहिजे. चमकणारी. आन् जोडवी दिसाय पाह्यजेत. न्हाईतर मी अनवाणी येते, मला सवय हाय."

ती धमकी पोकळ नव्हती. आई एकदा बोलली की बोलली. म्हणजे मला दोन महिन्यांत अशी सँडल शोधायची होती, जी डॉक्टरांना काळी वाटेल आणि आईला सोनेरी.

तेव्हापासून मी सँडल बघतेय. लेक पुण्यातून लिंका पाठवायची. तिच्या स्वतःच्या सँडलीचं आधी ठरलं होतं, शालूच्या काठाशी जुळणारी, टाच अशी की फोटोत नवऱ्याच्या खांद्यापर्यंत यावी. आजीसाठीही ती मनापासून शोधायची, पण तिच्या सगळ्या सँडल तिच्याच वयाच्या असायच्या. व्हिडिओवर दोघींच्या बैठका चालायच्या. आजी, ही बघ, रोज गोल्ड. आजी म्हणायची, गुलाबाचं सोनं कुठं असतं गं, पिवळी दाखव. मग माझ्या पत्त्यावर खोके यायचे. एकीचा तळ लाकडासारखा. एकीला आतून शिवण, बरोबर बोटांवर घासणारी. एकीवर खडे चिकटवलेले, ते हात लावला की गळायचे, आणि गळलेला खडा सँडलीच्या आतच पडला तर? मी प्रत्येक सँडलीत आधी माझा हात घालून फिरवायचे, आंधळ्यासारखा. घरातले म्हणायचे, काय करून राहिलीस? परत पाठवायचं खोकं चिकटपट्टीने बंद करता करता माझा कंटाळा त्या खोक्यात मावेनासा झाला.

नांदेडला वजिराबादेत गेले. दुकानदार आईच्या वयाचा, दाढीवाला, मायाळू. "बाजी, अम्मा के वास्ते ये लो, एकदम मक्खन," म्हणत त्याने जी सँडल काढली ती खरंच लोण्यासारखी होती, पण मागे पट्टा नव्हता. पट्टा पाहिजे म्हटल्यावर तो म्हणाला, "पट्टेवाली बच्ची लोगां पहनते. अम्मा निकालेंगे कैसे?" बघा, त्यालाही तेच सुचलं. काढणार कशी.

शेवटी सँडल लातुरातच मिळाली, गंजगोलाईच्या एका गल्लीत, मी दुसऱ्या कामाला गेले असताना. मऊ, जाड तळ. पुढून रुंद आणि उघडी. पट्टे नुसते सोनेरी नाहीत, हळदीत सोनं मिसळावं तसे पिवळे. मागचा पट्टा चिकटून बसणारा, वेल्क्रोचा, खर्रकन उघडणारा, आणि त्याच्यावर एक सोनेरी फूल बसवलेलं. मी दुकानात उभी राहून आत हात फिरवला, पुन्हा फिरवला. शिवण नाही, खडा नाही. त्या दिवशी बसमध्ये मी ते खोकं मांडीवर घेऊन नांदेडला गेले. डॉक्टरांनी तळ अंगठ्याने दाबून बघितला आणि मान हलवली. आईने घातली, बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, परत आली. बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते.

"कशी हाय?" तिने त्यांना विचारलं.

"पाय दिसून राहिले," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

मला फार आनंद झाला. इतका, की मी माझ्यासाठी लेकीने आणलेली कडीवाली सँडलही कुरकुर न करता ठेवून घेतली. मला वाटलं, माझं काम झालं.

लग्नाच्या दिवशी आईने ती सँडल गाडीतून उतरल्यापासून सगळ्यांना दाखवली. विहिणीला दाखवली, फोटोवाल्याला दाखवली. निऱ्या जरा वर धरून चालत होती, जोडवी चमकत होती. ऊन इतकं, की लॉनमधलं गवत नावापुरतं उरलेलं. वर कापडाचा मांडव होता, पण स्टेजसमोर शहाबादी फरशीचा एक पट्टा उघडाच राहिला होता. फोटोला उजेड पाहिजे म्हणून तिथं कापड लावलं नव्हतं, असं नंतर कळलं.

आमच्या घरात मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात. तो वेळ तिने तुळशीपाशी काढायचा. लॉनच्या मागच्या बाजूला एका डब्यात तुळस होती. मी तांब्या घेऊन तिथं उभी होते. लाउडस्पीकरवर आवाज येत होता. नवरदेवाच्या आत्याने स्वतः मंगलाष्टकं रचली होती आणि त्यात दोन्हीकडच्या माणसांचे उल्लेख होते, मामा, मावश्या, वारलेले आजोबा, सगळे. एकेक कडवं संपलं की सावधान, आणि मी पाण्याची एक धार सोडायचे. मला वाटलं, आता हे संपतच नाही. डब्यातली माती ओलीचिंब झाली आणि पाणी माझ्या पायांवर यायला लागलं. मला बरं वाटलं, गार होतं.

तिकडे काय झालं ते मला नंतर चार जणींनी सांगितलं, कौतुकाने सांगितलं. अंतरपाट धरला तसं सगळ्यांनी पायातलं काढलं. अक्षता टाकताना पायात काही ठेवायचं नाही, हे काय कुणी सांगावं लागतं? आईने शेजारच्या बाईला म्हटलं, माझी तेवढी पट्टी सोड गं. खर्रकन सुटली. तिने सँडल जोडीने खुर्चीखाली ठेवल्या, कुणी घालून नेऊ नये म्हणून जरा आत सरकवल्या, आणि नात नीट दिसावी म्हणून पुढे गेली. स्टेजसमोर. त्या उघड्या फरशीवर.

बाकीच्या बायका दुसऱ्या कडव्यालाच पाय उचलायला लागल्या. कुणी टाचेवर, कुणी साडीच्या काठावर उभी, कुणी मागे मांडवात पळाली. आई एकटी हलली नाही. हातात अक्षता, पदर डोक्यावर, सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत ताठ उभी. "काय म्हातारी हाय बाई," असं त्या मला सांगत होत्या. "आमचे पाय भाजायलते, आन् तुमची आई देवावानी उभी. या वयात!"

तिच्या पायांचं मला जेवणानंतर कळलं. आई खुर्चीवर बसली होती, सँडल पायात चढत नव्हती. म्हणाली, ही आखडली वाटतं, बघ बाई जरा. मी खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. तळवा पांढरा, फुगलेला, कातडी सुटलेली. दुसऱ्या पायाचंही तेच. सोनेरी पट्टा ओला झाला होता. ती वरून विचारत होती, "काय झालं? तोंड का असं केलंस?"

मला तिचा राग आला. आत्याचा आला, फोटोवाल्याचा आला, त्या खर्रकन सुटणाऱ्या पट्टीचाही आला. एवढं सगळं बघून घेतलं, शिवण बघितली, खडे बघितले, आणि सँडल पायात असायला पाहिजे, एवढंच राहून गेलं. पण आईला ते राहून गेल्यासारखं वाटतच नव्हतं. दवाखान्यात जाताना गाडीत मी तिला म्हटलं, अगं, तेवढ्यापुरती ठेवली असतीस पायात. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी घाण बोलल्यासारखी.

"चप्पल घालून अक्षता टाकू? पोरीच्या डोक्यावर?"

लेकीची पाठवणी तिच्या काकूंनी केली.

जून आणि जुलै नांदेडच्या दवाखान्यात गेले. मी सुट्या संपवल्या, मग बिनपगारी घेतल्या. एक पाय सुधारला. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं पडत गेलं. पाय वाचवायचा तर बोट काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. आई त्याला लगेच तयार झाली. अडलं ते जोडव्यावर. बोट सुजून जोडवं आत रुतलं होतं, ते कापल्याशिवाय निघणार नव्हतं, आणि आई ते कापू देईना. सिस्टरने समजावलं, मी समजावलं, लेकीने फोनवर रडून दाखवलं. आई एकच वाक्य म्हणत होती, बोट घ्या, पण जोडव्यासकट घ्या.

बाबा इतके दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायचे. ते उठून आले.

"मी जिता हाय न? मंग मी सांगून राहिलो, काढ."

"अशुभ असतंय ते."

"मी तुझ्यापुढं उभा हाय. काय अशुभ व्हायचं ते मला होईल. काढ."

तिने पाय पुढे केला. सिस्टरने बारीक कातरीने जोडवं कापलं. बाबांनी ते रुमालात बांधून खिशात ठेवलं आणि ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

आईचा पाय वाचला. बोट गेलं. जखम भरल्यावर बाबांनी सोनाराकडे जाऊन ते जोडवं लहान करून, सांधून आणलं. त्या दिवशी मी नांदेडलाच होते. बाबांचे गुडघे दुखतात, ते हळूहळू भिंतीला धरून खाली बसले आणि आईचा पाय हातात घेतला. आई केवढी ओशाळली. नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय, ती पाय मागे ओढत होती आणि ते सोडत नव्हते. अंगठ्यानंतर उरलेलं पहिलं बोट धरून त्यांनी जोडवं सरकवलं. डॉक्टर नकोच म्हणाले होते. पण तिथं डॉक्टरांचं कोण ऐकणार?

"रुतत न्हाई न?" बाबांनी विचारलं.

"मला काय इचारता? मला कळत असतं तर कशाला झालं असतं हे. तुम्हीच बघा."

तेव्हापासून बाबा रोज सकाळी चष्मा लावून तिचे तळवे बघतात. कंडक्टर होते तेव्हा तिकीट उजेडात धरून बघायचे, तसा पाय खिडकीकडे वळवून.

परवा, तुळशीचं लग्न झाल्यावर, नांदेडच्या घराशेजारच्या मुलाचं लग्न होतं. आम्ही तिघं गेलो. आईच्या पायात काळी चप्पल होती. सोनेरी सँडल तिने कपाटात खोक्यात ठेवलीय, ती कुणाला देऊ देत नाही आणि तिच्याबद्दल बोलतही नाही. ती मागच्या रांगेत कडेला बसली. कुणीतरी सगळ्यांच्या हातावर अक्षता ठेवत गेलं, तिच्याही ठेवल्या. अंतरपाट धरला आणि सगळ्या मांडवात एकदम पायातलं काढायची सळसळ झाली. आईने खाली आपल्या पायांकडे बघितलं. हात पट्टीपर्यंत नेला. तिने हात वर घेतला आणि मूठ मिटली.

पहिलं कडवं झालं, सगळ्यांनी टाकल्या. आईची मूठ तशीच. मग तिने ती माझ्यापुढे केली.

"तू टाक माझ्या. तुझे पाय बरे हायत."

मी घाईने वाकले. माझ्या पायात लेकीने लग्नासाठी आणलेली ती कडीवाली सँडल होती. कडी बारीक, छिद्र त्याहून बारीक, चष्मा पर्समध्ये. मी एका हाताने खुर्ची धरून ओढत होते आणि ती कडी काही सुटत नव्हती. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं. एवढ्यात बाबा उठले. त्यांच्या पायांत त्यांची नेहमीची साधी चप्पल होती, हातही न लावता त्यांनी ती मागच्या मागे सोडली. आईची मूठ उघडून त्यातल्या अक्षता स्वतःच्या हातात घेतल्या आणि थंड फरशीवरून पुढे जाऊन माणसांत उभे राहिले. आई बसल्या जागी मान उंचावून त्यांचं डोकं शोधत होती.

वाजंत्री सुरू झाली तेव्हा माझी एक सँडल तेवढी निघाली होती. बाबा परत आले, चपलांत पाय सरकवले आणि तिच्याशेजारी बसले.

"माझ्या टाकल्या का?" आईने विचारलं.

"हाव. आधी तुझ्या टाकल्या, मंग माझ्या."